गोणी तीच, मका वेगळा: जमीन ओळखून मक्याला खत कसे द्यावे

पुणे जिल्ह्यात शिरूरच्या मुरमाड माळावर, इंदापूरच्या कालव्याखालच्या काळ्या रानात आणि मावळातल्या तांबड्या मातीत एकाच वाणाचे बी टोकले, एकाच मापाने युरिया आणि डीएपी दिले, तरी दीड महिन्याने तिन्ही ठिकाणी वेगवेगळे पीक उभे असू शकते. माळावर खालची पाने पिवळी, काळ्या रानात कोवळ्या पानांवर पांढरे पट्टे, तांबड्या मातीत जांभळट झाक. खताच्या दुकानात मात्र प्रश्न ठरलेला: एकरी किती गोण्या? गोण्यांचा आकडा शिफारशीत छापलेला आहे, तो शोधायला वेळ लागत नाही. खत वाया जाते ते बहुतेक वेळा कुठे टाकले आणि कधी टाकले यामुळे, आणि ही दोन्ही उत्तरे जमिनीकडे असतात. म्हणून सुरुवात जमिनीपासून.

नमुना नीट घेतला नाही तर अहवाल शोभेचा

मका पेरायच्या महिनाभर आधी, मागचे पीक निघाल्यावर आणि नवे खत पडण्यापूर्वी माती तपासायला द्या. शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय, बारामती आणि नारायणगावची कृषी विज्ञान केंद्रे आणि जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा इथे तपासणी होते. नमुना घेताना शेतात नागमोडी चालत दहा-बारा जागा निवडा. प्रत्येक जागी वरचा पाला झटकून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा, २० ते २२ सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून तळापर्यंत दोन बोटे जाडीची माती खरवडून घ्या. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका, उरलेली पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. माती ओली असेल तर सावलीत वाळवा, उन्हात नको.

बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची आणि जनावरे बसतात तिथली माती घेऊ नका. एकाच गटात वरचा तुकडा मुरमाड आणि खालचा काळा असेल तर दोन वेगळे नमुने द्या. दोन्ही मिसळून पाठवले तर जी जमीन तुमच्याकडे नाहीच तिचा अहवाल हातात येतो. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर लोखंडी घमेले आणि गंजलेले खुरपे वापरू नका, प्लास्टिकची बादली आणि लाकडी काठी घ्या. नाहीतर लोहाचा आकडा फुगतो.

अहवालात आधी सामू (पीएच) पाहा, म्हणजे माती आम्लधर्मी आहे की विम्ल (अल्कधर्मी) ते सांगणारा आकडा. मक्याला ६ ते ७.५ सामू सर्वांत मानवतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा ८ च्या आगेमागे असतो. तिथे मका येतो, पण स्फुरद (फॉस्फरस), जस्त (झिंक) आणि लोह मातीत असूनही मुळांना सहज मिळत नाही. सामू ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट होत चालली आहे असा संशय घ्या. त्याखाली क्षारतेचा आकडा असतो, त्यालाच ईसी म्हणतात आणि तो डेसिसायमन प्रति मीटर या एककात मोजतात. तो १ च्या आत असेल तर चिंता नाही. १ ते २ च्या मध्ये असेल तर उगवण विरळ होण्याचा धोका आहे. प्रयोगशाळा हा आकडा अडीचपट पाण्यात कालवलेल्या मातीवर काढते, त्यामुळे मुळांभोवतीचे खरे पाणी त्याहून खारट असते, हे लक्षात ठेवा. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या खाली म्हणजे कमी. उपलब्ध नत्र (नायट्रोजन) हेक्टरी २८० किलोच्या खाली म्हणजे कमी, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा कमीच येते. जस्ताची मर्यादा ०.६ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), लोहाची ४.५. अहवालात एखादे अन्नद्रव्य ‘कमी’ असेल तर शिफारशीच्या सव्वापट द्या, ‘जास्त’ असेल तर पाव हिस्सा कमी करा.

अहवाल येईपर्यंत घरच्या घरी दोन गोष्टी करून पाहता येतात. वाळलेल्या मातीची पूड करून तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फेस आला तर मोकळा चुना आहे, म्हणजे पुढचा जस्ताचा आणि युरियाचा भाग तुमच्यासाठी आहे. दुसरी परीक्षा चोपणाची. हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ फुटून तळाशी बसले आणि पाणी निवळ राहिले तर ठीक. ढेकळाभोवती दुधट ढग तयार होऊन पाणी गढूळच राहिले तर मातीत सोडियम माजला आहे. बोअरच्या पाण्याने ही परीक्षा करू नका, त्यातले क्षारच उत्तर बिघडवतात.

एकराचा हिशेब

धान्याच्या मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश (पोटॅश) ही राज्यातली रुळलेली शिफारस. एकराला उतरवली तर ४८, २४ आणि १६ किलो. नत्राचे तीन समान हप्ते करायचे: पेरताना, तीस दिवसांनी आणि चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी. स्फुरद आणि पालाश दोन्ही पेरतानाच. मुरमाड रानाचे हप्ते वेगळे, ते पुढे येतील.

डीएपीने करायचे असेल तर: ५२ किलो डीएपी, म्हणजे एक गोणी आणि वर दोन किलो. त्यातून २४ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र मिळते. पेरतानाच्या १६ किलो नत्रातले उरलेले ७ किलो १५ किलो युरियातून द्या. पालाशासाठी २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. पुढचे दोन हप्ते ३५-३५ किलो युरियाचे. एकूण युरिया ८५ किलो, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्यांना पाच किलो कमी.

सिंगल सुपर फॉस्फेटने करायचे असेल तर तीन गोण्या लागतात. त्यात नत्र नसल्यामुळे युरिया तिन्ही वेळा ३५ किलो. ओढायला आणि पसरायला जड पडते, म्हणून लोक टाळतात. पण तीन गोण्यांबरोबर सोळा किलोंच्या वर गंधक फुकट येते. चुनखडीच्या जमिनीत आणि जिथे वर्षानुवर्षे फक्त डीएपी पडले आहे तिथे आमचे मत सुपर फॉस्फेटच्या बाजूने आहे. १०:२६:२६ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) वापरले तर ९० किलोत स्फुरद जवळजवळ पुरे होते आणि पालाश गरजेपेक्षा सात किलो जास्त पडते. काळ्या जमिनीत तेवढे पालाश बहुधा आधीच असते, म्हणजे ते पैसे मातीत पुरले. मुरमाड रानात किंवा चाऱ्याच्या मक्याला मात्र तेच खत योग्य.

शेणखत एकरी ४ ते ५ टन, शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी. पूर्ण कुजलेले असावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येते, तणाचे बी येते, आणि त्यातला काडीकचरा कुजवणारे जिवाणू मक्याच्या वाट्याचे नत्र पहिले तीन-चार आठवडे स्वतःच खातात. उसाचे पाचट गाडून त्यावर मका घेणाऱ्यांचा पोरसवदा मका पिवळा दिसतो तो याच कारणाने. पाचट असेल तर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकून आधी कुजू द्या. हा युरिया मक्याच्या हिशेबात धरायचा नाही. कोंबडीखत असेल तर शेणखताइतके ओढू नका. त्यात नत्र आणि स्फुरद बरेच जास्त असते, ताजे असेल तर रोपे जळतात. वर्षानुवर्षे टाकत गेलात तर साठलेल्या स्फुरदामुळे जस्त अडते.

पेरताना: बी आणि खत यांच्यात दोन बोटे

खरिपात जून-जुलै, रब्बीत १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. उशिरा आणि मध्यम पक्व होणाऱ्या वाणांसाठी ७५ बाय २० सेंटिमीटर, लवकर येणाऱ्यांसाठी ६० बाय २०. पहिल्या अंतराने एकरी साधारण २७ हजार झाडे बसतात. बी ४ ते ५ सेंटिमीटर खोल.

खत बियाच्या बाजूला ५ सेंटिमीटर आणि बियापेक्षा ५ सेंटिमीटर खाली पडले पाहिजे. दोन चाड्यांची पाभर असेल तर हे सहज जमते. हाताने टोकत असाल तर आधी सरीच्या बगलेत खताची रेघ ओढून माती झाका आणि मग वर, बाजूला बी टोका. मुठीत बी आणि खत एकत्र घेऊन टोकणे ही सर्वांत महाग पडणारी सवय. युरियापासून अमोनिया तयार होतो आणि डीएपीच्या दाण्याभोवतीही सुरुवातीला माती जास्त विम्ल होऊन अमोनिया सुटतो, चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच. त्यात कोंब करपतो. मग ओळीत फूट-दीड फुटाच्या खिंडी दिसतात आणि दोष बियाण्याच्या कंपनीला जातो. खिंडीत उकरून पाहा. बी फुगून, तपकिरी कोंब काढून मेले असेल तर आधी खतावर संशय घ्या. बीच नसेल तर पाखरे किंवा खारी.

किती पडते आहे ते मोजा. ७५ सेंटिमीटरच्या ओळी धरल्या तर एकरात सुमारे ५,४०० मीटर ओळ होते. म्हणजे ५२ किलो डीएपी दर मीटरला १० ग्रॅमच्या आतबाहेर आणि ३५ किलो युरिया साडेसहा ग्रॅम. दहा मीटर ओळीला ९६ ग्रॅम डीएपी किंवा ६५ ग्रॅम युरिया घरच्या काट्यावर तोलून घ्या, ते चहाच्या कपात कुठवर येते तिथे खूण करा आणि मजुराच्या हाती तो कप द्या. पहिल्या चार ओळींत हात बसतो. ‘अंदाजे मूठभर’ म्हटले की शेताच्या सुरुवातीला दुप्पट आणि शेवटी निम्मे पडते.

स्फुरद फेकून देऊ नका, ओळीतच द्या. ते मातीत जागचे हलत नाही. काळ्या जमिनीत चुन्याशी बांधले जाते, मावळ-मुळशी-भोरच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियमशी. जितक्या जास्त मातीला ते भिडेल तितके जास्त बांधले जाईल, म्हणून अरुंद पट्ट्यात. पश्चिमेकडच्या तांबड्या जमिनीचा सामू साडेपाचच्या खाली असेल तर अहवालातल्या शिफारशीने चुना टाकल्याशिवाय नुसते डीएपी वाढवून उपयोग नाही.

बियाण्याला ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळायचे असतील तर किलोला २५-२५ ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात, सावलीत, आणि औषधाच्या प्रक्रियेनंतर. यामुळे खताची गोणी वाचेल अशी आशा धरू नका, थोडा हातभार लागतो इतकेच.

युरिया: हवेत उडतो, पाण्यात वाहतो

नत्राचे नुकसान दोन वाटांनी होते आणि कोणती वाट हे जमीन ठरवते.

पहिली वाट हवेची. ओलसर मातीवर पसरलेला युरिया मातीतल्या युरिएज नावाच्या विकरामुळे फुटतो, दाण्याभोवतीचा सामू वाढतो आणि अमोनिया वायू होऊन निघून जातो. चुनखडीची जमीन, ऊन आणि वारा, तिन्ही जमले की हे जोरात होते. शेतात डोळ्यांना चुरचुरणारा वास आला तर तो तुमच्या पैशांचा वास. गोणीवर ‘नीम कोटेड’ लिहिलेले असते, पण निंबोळीचे आवरण नत्राचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करते, वर पडलेला युरिया उडणे ते फारसे थांबवत नाही. उपाय सोपा आहे: झाडापासून चार बोटे दूर रेघ पाडून युरिया टाका आणि लगेच कोळप्याने किंवा पायाने माती ओढा. पाच सेंटिमीटर मातीखाली गेला की सुटलेला अमोनिया माती धरून ठेवते. सोय असेल तर पाठोपाठ हलके पाणी द्या.

दुसरी वाट पाण्याची. मुरमाड रानात नायट्रेट जोराच्या पावसाबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. भारी काळ्या रानात ते खाली जात नाही, पण पाणी साचून हवा कोंडली की तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नत्र वायुरूपात सोडतात. म्हणजे शेतात पाणी उभे असताना युरिया फेकणे सर्वांत वाईट. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, मग युरिया.

म्हणून मुरमाड रानात तीनऐवजी चार हप्ते करा. पेरताना डीएपीबरोबर फक्त ६-७ किलो युरिया, नंतर विसाव्या, बत्तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास २६-२६ किलो. एकूण तेवढेच, फक्त तुकडे लहान. ठिबक असेल तर दर पाच-सहा दिवसांनी थोडा थोडा सोडा, पण पाणी देण्याच्या मधल्या वेळात, सुरुवातीला नव्हे. शेवटी दहा-पंधरा मिनिटे नुसते पाणी चालवून नळ्या धुवा.

दिवसांवर फार विसंबू नका. रब्बीत थंडी पडली की मका खरिपापेक्षा मागे राहतो, तीस दिवसांचा मका वीस दिवसांचा दिसतो. पाने मोजा. कॉलर, म्हणजे पान ताटाला मिळते तिथली फिकट पट्टी, दिसू लागलेली पानेच मोजायची. पाच-सहा पानांना पहिला वरखताचा हप्ता, आठ-दहा पानांना दुसरा. याच काळात आतल्या आत कणसाला दाण्यांच्या किती ओळी येणार ते ठरते. आठ पानांपासून तुरा येईपर्यंत मका नत्र सर्वांत वेगाने उचलतो. तुरा बाहेर पडल्यावर दिलेल्या युरियाने पाने हिरवीगार होतात, शेजारी तारीफ करतात आणि कणीस होते तेवढेच राहते.

सकाळी दव असताना युरिया पोंग्यात पडू देऊ नका. दाणा पोंग्यात अडकला की पाने उलगडताना करपलेल्या पट्ट्या दिसतात आणि लोक रोगाचे औषध आणायला धावतात.

नॅनो युरियाबद्दल विचारणा होते, म्हणून हिशेब मांडतो. चार टक्के नत्राच्या अर्धा लिटर बाटलीत २० ग्रॅम नत्र असते आणि ४५ किलोच्या गोणीत २० किलोंच्या वर. फवारणी वरून मदत म्हणून करायची तर करा, वरखताच्या हप्त्याऐवजी नको.

जस्त आणि लोह

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत मका उगवल्यावर दोन-तीन आठवड्यांत कोवळ्या पानांच्या बुडाकडच्या अर्ध्या भागात, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढुरके पट्टे येतात. मधली शीर आणि कड मात्र हिरवी राहते, पेरी आखूड होतात. हे जस्त. लोहाची कमतरता वेगळी दिसते: नव्या पानावर बुडापासून टोकापर्यंत शिरांच्या मधे बारीक पिवळ्या रेघा, शिरा हिरव्या.

जस्तासाठी एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट, २१ टक्क्यांचे. ते दहापट शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवा आणि पेरणीआधी जमिनीत द्या. ३३ टक्क्यांचे असेल तर साडेपाच-सहा किलो पुरते. डीएपीच्या किंवा सुपर फॉस्फेटच्या गोणीत झिंक सल्फेट मिसळू नका. दोघांचे मिळून न विरघळणारे झिंक फॉस्फेट होते आणि दोन्ही खतांचा काही भाग बाद होतो. एकदा दिलेले जस्त दोन-तीन पिकांना पुरते, दर हंगामात ओतायची गरज नाही.

उभ्या पिकात पट्टे दिसलेच तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी घालून फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. चुन्याची निवळी न घालता फवारले तर पाने चटकतात. लोहासाठी ५० ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल, संध्याकाळी. हिराकस तपकिरी पडला असेल तर तो जुना, वाया गेलेला माल. हिरवट निळाच घ्या.

चोपण आणि खारवट एक नाही

दौंड, बारामती, इंदापूर पट्ट्यात कालव्याचे पाणी, वर्षानुवर्षे ऊस आणि निचऱ्याची सोय नाही, यातून जमिनी बिघडल्या. तिथे उसात न परवडणारे रान मक्याला दिले जाते. पण मका क्षारांना उसाहून कणखर नाही. मुळांभोवतीच्या पाण्याची क्षारता १.७ डेसिसायमनच्या वर गेली की उत्पादन घटू लागते आणि सहाच्या जवळ निम्मे होते.

उन्हाळ्यात वर पांढरी बुरशीसारखी क्षारांची पापडी दिसते, माती भुसभुशीत असते आणि पाणी जिरते, ती खारवट जमीन. इथे जिप्सम टाकून काही होत नाही. चर खणून निचरा करा आणि गोड्या पाण्याने क्षार खाली धुवून काढा. सरी-वरंब्यावर मका लावताना बी वरंब्याच्या माथ्यावर टोकू नका, क्षार पाण्याबरोबर चढत तिथेच साठतात. सरीच्या बगलेत, पाण्याच्या रेषेच्या थोडे वर टोका.

ओली असताना पायाला चिकटणारी, वाळल्यावर दगड होणारी, पाणी दोन-दोन दिवस वर उभे राहणारी जमीन चोपण. इथे जिप्समची गरज प्रयोगशाळेकडून काढून घ्या. व्यवहारात गरजेच्या निम्मी मात्रा शेणखतात मिसळून वरच्या १५-२० सेंटिमीटर थरात मिसळतात आणि मग पाणी भरून खाली झिरपू देतात. निचऱ्याचा चर नसेल तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? तो तिथेच राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मका घेण्याआधी धैंचा पेरून ४५ दिवसांनी फुलोऱ्याच्या आत गाडला तर माती उघडायला मदत होते. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) मिळत असेल तर कुजवून टाका, ताजी मळी तापते.

अशा रानात बोअरचे पाणी वापरत असाल तर तेही तपासा. नाहीतर एकीकडे जिप्सम आणि दुसरीकडे मोटारीतून सोडियम.

साचलेले पाणी

सहा पाने होईपर्यंत मक्याचा वाढीचा शेंडा जमिनीखालीच असतो. तेवढ्या काळात दोन-तीन दिवस पाणी साचले आणि हवा उबदार असली की रोप मरते किंवा कायमचे खुरटते. काळ्या रानात खरिपाचा मका सपाट वाफ्यात घेऊ नका, सरी-वरंबा किंवा रुंद वरंबा करा. पिवळा पडला की युरिया, हा रिवाज इथे अंगाशी येतो: मुळे गुदमरलेली असताना युरिया घेणार कोण? पाणी काढा, वाफशावर कोळपणी करा आणि नवे पांढरे मूळ दिसले की १५-२० किलो युरिया मातीआड द्या.

उलट, पाण्याच्या ताणाला चार वेळा जपायचे: २५-३० दिवस, तुरा येताना ४५-५०, फुलोऱ्यात ६०-६५, दाणे भरताना ७५-८०. कोरड्या मातीत खत विरघळत नाही, मुळापर्यंत पोहोचत नाही. कोरड्या रानात युरिया टाकून पावसाची वाट पाहण्यापेक्षा गोणी घरात बरी.

पाने काय सांगतात

खालच्या जुन्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेने आत येणारा उलट्या ‘व्ही’सारखा पिवळेपणा म्हणजे नत्र. खालच्याच पानांच्या कडा पिवळ्या, मग भाजल्यासारख्या तपकिरी, आणि कणसाचे टोक न भरलेले, ताट लवकर आडवे होणारे म्हणजे पालाश. सगळे रोप फिकट, नवी पाने जास्त फिकट, खालची तुलनेने हिरवी म्हणजे गंधक.

जांभळी पाने आणि कडा म्हणजे स्फुरद, पण इथे घाई नको. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मुळांची वाढ मंदावते, जमिनीत स्फुरद असूनही उचलले जात नाही, आणि काही संकरित वाणांचा रंगच तसा. ऊन तापून नवे पान हिरवे येत असेल तर काही करू नका. नवी पानेही जांभळी राहिली, रोप खुरटे राहिले तर पेरतानाचे खत मुळांपासून दूर पडले किंवा पडलेच नाही. अशा वेळी १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम १२:६१:०० फवारून दिलासा मिळेल, चूक भरून निघणार नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर दर हंगामात दोन ओळी वेगळ्या ठेवा: एकीला दुसरा युरियाचा हप्ता दुप्पट द्या, एकीला देऊच नका. दहा दिवसांनी दुप्पटवाली बाकीच्या शेताइतकीच हिरवी असेल तर शेताला नत्र पुरेसे आहे आणि पुढचा खर्च वाचला.

चाऱ्याचा आणि मुरघासाचा मका

दुधाच्या धंद्यामुळे जिल्ह्यात बराच मका कणसासाठी नव्हे, तर गोठ्यासाठी पेरतात. चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉल एकरी ३० किलो बी, ओळीत ३० सेंटिमीटर. इथे खताचा हिशेब बदलतो. धान्य विकले तर पालाशाचा लहान वाटा शेताबाहेर जातो, ताट-पाने जमिनीत परततात. मुरघासात बुडापासून सगळे उचलले जाते, पालाशही. त्याच रानात सलग तीन-चार वेळा मुरघास घेतला आणि १६ किलोवरच राहिलात, तर मुरमाड जमिनीत चौथ्या वेळी ताट वाऱ्याला झोपते. अशा रानाला एकरी अर्धी गोणी पोटॅश वर द्या आणि दर दोन वर्षांनी माती तपासा.

गोठ्यातून ते पालाश परत आणता येते, पण जनावराने खाल्लेले बरेचसे पालाश शेणात नव्हे, मूत्रात बाहेर पडते. गोठ्याचे पाणी नाल्यात सोडून नुसते वाळके शेण शेतात टाकले तर पालाश नाल्यात गेले. गव्हाणीमागची मोरी खड्ड्याकडे वळवा आणि खड्ड्यात ताटाचे तुकडे, पालापाचोळा टाका, म्हणजे मूत्र शोषले जाईल.

आणि युरियाचा शेवटचा हप्ता चारा कापायच्या तीन आठवडे आत देऊ नका. ताण पडलेल्या, भरपूर नत्र दिलेल्या मक्याच्या बुडात नायट्रेट साठते आणि गायी-म्हशींना विषबाधा होऊ शकते. ताणानंतर पाऊस झाला तरी लगेच कापू नका, आठवडाभर थांबा, आणि कापताना बुडखा वीतभर उंच सोडा. मुरघासात नायट्रेट बरेच उतरते, पण खड्डा भरल्यापासून पाच-सहा आठवडे तोंड उघडू नका.